लिबलिबीत म्हणून नाक मुरडण्याआधी : जेलीच्या बाजूने चार शब्द

मृदुगंधा

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षे मी अमेरिकेत युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या जवळ राहते. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारणीने एका समारंभाला बोलावले होते. लांबलचक टेबलाच्या मधोमध काचेच्या थाळीत हिरवीगार, कड्यासारखी गोल जेली ठेवलेली होती आणि तिच्या पोटात किसलेले गाजर तरंगत होते. टेबलाला कोणाचा धक्का लागला की ती अख्खी हलायची. मी तेव्हा मनातल्या मनात पुष्कळ हसले होते आणि घरी येऊन बहिणीला फोटोही पाठवला होता.

गेल्या महिन्यात त्याच शेजारणीच्या वृद्ध आईचे निधन झाले. अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात सगळ्यांना जेवण होते आणि तिथेही तीच हिरवी जेली होती. या वेळी मी जवळून पाहिली, तेव्हा कड्याच्या एका बाजूला बोटाच्या पेराएवढा खळगा दिसला. मी विचारल्यावर नातीने सांगितले, की आजीच्या ॲल्युमिनियमच्या साच्याला कित्येक वर्षांपूर्वी पोचा पडला होता, त्यामुळे आजीची जेली नेहमी अशीच दिसते. त्या जेलीचे दोन चमचे मी त्या दिवशी अगदी मनापासून खाल्ले.

तेव्हापासून मला दोन प्रश्न पडले आहेत. पहिला असा, की जेलीला आपण ‘पदार्थ’ म्हणून का मोजत नाही? लहान मुलांचा खाऊ किंवा आजाऱ्याचे पथ्य यापलीकडे तिची चर्चा होत नाही. दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. जूनमध्ये आमच्या गल्लीचे सहभोजन आहे आणि जेली आणण्याचे मी मोठ्या तोऱ्यात कबूल केले आहे. सराव म्हणून ताज्या अननसाचे तुकडे घालून केली, तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सकाळी भांड्यात नुसते सरबत होते. शिवाय त्या वेळी सासूबाई इथे असतील आणि त्या जिलेटिन खाणार नाहीत. काय करावे?

कुरडई

गाजर किसण्याचे कष्ट घ्यायचेच होते, तर हलवा का केला नाही, एवढाच प्रश्न मला त्या गावातल्या समस्त गृहिणींना विचारावासा वाटतो.

प्रयोगवही

मृदुगंधाताई, दोष तुमचा नाही, अननसाचा आहे. जिलेटिन म्हणजे प्राण्यांची कातडी आणि हाडे यांतील कोलॅजनपासून मिळवलेले प्रथिन. गरम पाण्यात त्याचे लांब धागे सुटे होतात आणि गार होताना एकमेकांत गुंतून जाळे विणतात. त्या जाळ्यात पाणी अडकते, तीच जेली. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते प्रथिनांचे धागे कात्रीने कापल्यासारखे कापत सुटते. धागेच तुटले, तर जाळे कशाचे विणले जाणार? तुम्ही आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवली असती, तरी सरबतच मिळाले असते.

पपई, किवी, अंजीर आणि आले यांतही असेच गुण असलेली विकरे आहेत. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्याकडे कच्ची पपई वाटून लावतात, त्यामागचे कारण हेच. डबाबंद अननस मात्र चालतो, कारण डब्यात भरताना तो तापवलेला असतो आणि तापवल्यावर विकर निकामी होते. ताजाच वापरायचा असेल, तर तुकडे पाण्यात चांगले उकळून गार करावेत आणि मग जेलीत घालावेत.

जुना_पेठकर

आमच्या पिढीसाठी जेली हा पदार्थ नव्हता, ती फ्रिज आल्याची दवंडी होती. पुण्यात आमच्या वाड्यात पहिला फ्रिज १९७८ साली आमच्याकडे आला. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी बर्फ नेला, दुसऱ्या आठवड्यात आईने जेली केली. पुडी फोडल्यावर येणारा रासबेरीचा वास अजून आठवतो. खऱ्या रासबेरीला तो वास नसतो, हे मला पुढे चाळीस वर्षांनी कळले आणि थोडे वाईटच वाटले. साचे वगैरे काही नव्हते, स्टीलच्या वाट्यांत लावायची. उलटी करताना वाटीचे बूड क्षणभर गरम पाण्यात धरायचे, वर बशी ठेवायची आणि झटक्यात पालथी घालायची. जास्त वेळ धरली, तर कडेने पाघळून लाल ओघळ यायचे. ते काम आई दुसऱ्या कोणावर सोपवत नसे. वाटीच्या बुडाशी कोरलेले आजोबांचे नाव मात्र जेलीवर उमटत नाही, याचे मला फार वैषम्य वाटे. ते बाहेरच्या बाजूने कोरलेले असते, हे समजण्याचे वय नव्हते.

बंदरकिनारा

सगळ्यांच्या आठवणींचा आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. आठवण रम्य असली, म्हणून पदार्थ थोर ठरत नाही. पुडी फोडायची, एक कप उकळते पाणी, एक कप गार पाणी, झाले. यात हाताचे कौशल्य कुठे आहे? मुळात या पुडीचा प्रसार जाहिरातींच्या जोरावर झाला. कंपनीने घरोघरी फुकट पाककृतींच्या पुस्तिका वाटल्या आणि अमेरिकन गृहिणींनी त्या प्रमाण मानल्या. गाजर, कोबी, ऑलिव्ह, इतकेच काय, मासेसुद्धा गोड जेलीत घालण्याची कल्पना कोणत्या आजीला स्वयंपाकघरात सुचली असेल, असे मला वाटत नाही. ही खाद्यसंस्कृती नसून विक्रीकला आहे.

मृदुगंधा

बंदरकिनारा, आपला मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडा इतिहास सांगते.

पुडीच्या आधी जेली हा श्रीमंतांच्या घरचाच पदार्थ होता. वासराचे पाय तासन् तास उकळायचे, वर आलेली चरबी काढायची, अंड्याच्या पांढऱ्याने रस्सा नितळ करायचा, फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळायचा आणि तो गोठवायला बर्फही हवा. नोकरचाकर असल्याशिवाय हे होणे नाही. पीटर कूपर या उद्योजकाने १८४५ साली जिलेटिनच्या भुकटीचे पेटंट घेतले, पण त्याला ती विकण्यात फारसा रस नव्हता. १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय या लहान गावात पर्ल वेट या माणसाने त्या भुकटीत साखर, रंग आणि फळांचे स्वाद मिसळले. तो मूळचा सुतार, जोडीला खोकल्याची औषधे करून विकणारा. त्याची बायको मे हिने या मिश्रणाला ‘जेल-ओ’ हे नाव दिले. स्ट्रॉबेरी, रासबेरी, संत्रे आणि लिंबू असे चार स्वाद होते. वेटला मात्र ते विकता आले नाही आणि १८९९ साली त्याने सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला ४५० डॉलरना देऊन टाकले. जाहिरात केली ती वुडवर्डने. आज लरॉयमध्ये या पुडीचे चक्क संग्रहालय आहे.

म्हणजे जाहिरात होती हे कबूल. पण जे मिष्टान्न मोठ्या घरच्या मेजवानीत आचाऱ्याच्या हातचे असायचे, ते काही सेंटमध्ये कामगाराच्या घरी आले, हेही तितकेच खरे नाही का? आणि पुस्तिकेतली पाककृती तीन पिढ्या अंत्यविधीच्या जेवणात केली जाते, तेव्हा ती कंपनीची राहते की त्या घरांची होते? आपल्याकडचे कस्टर्डसुद्धा डब्यातल्या पावडरीतूनच आले. लग्नाच्या पंगतीत फ्रूट सॅलड वाढताना त्याचा उगम कोणी विचारत नाही.

डॉक्टरकाका_नाशिक

आजाऱ्याचे पथ्य हा उल्लेख आल्यामुळे राहवत नाही. रुग्णालयात जेली देतात, कारण ती पोटात जाताच वितळते आणि मागे चोथा ठेवत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर किंवा आतड्याच्या तपासणीआधी जो नितळ द्रवाहार सांगतात, त्यात ती बसते. मात्र मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची असेल, तर लाल जेली खाऊ नये असे बजावतात. तो रंग आत रक्तासारखा दिसतो.

एक गैरसमजही दूर करतो. जिलेटिन हे प्रथिन असले, तरी ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमायनो आम्ल त्यात नसते. त्यामुळे केवळ जेलीवर कोणाची ताकद भरून येणार नाही.

आणि एक किस्सा. १९७४ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डॉ. एड्रियन अप्टन यांनी लिंबाच्या स्वादाच्या जेलीच्या गोळ्याला मेंदूचा आलेख काढणारी यंत्रणा जोडली. आलेखावर चक्क लहरी उमटल्या. त्या अर्थातच आसपासच्या यंत्रांच्या आणि हालचालींच्या होत्या. केवळ आलेखावरून मृत्यूचे निदान करताना किती सावध राहावे, हे त्यांना दाखवायचे होते. या प्रयोगासाठी इतका स्वस्त आणि निरुपद्रवी रुग्ण दुसरा मिळाला नसता.

कुरडई

आमच्या कार्यालयातल्या काही मंडळींना ती यंत्रणा जोडून पाहावी आणि निकाल जेलीच्या शेजारी ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

खाडीपलीकडे

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वाण्याकडेच आहे : चायना ग्रास, म्हणजे अगर. ते लाल समुद्रशैवालापासून करतात. नावात चीन असला, तरी आपल्याकडेही तमिळनाडूत मन्नारच्या आखाताच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात बुडी मारून हे शैवाल गोळा करतात. मी लहानपणी मुंबईत ज्या चाळीत राहत होतो, तिथे रमजानमध्ये शेजारच्या खालांकडून दुधातल्या चायना ग्रासचे पांढरे चौकोन यायचे. वर पिस्त्याचे काप आणि गुलाबपाण्याचा वास. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. परात पाण्यात ठेवली, की तासाभरात वडी पडण्याइतके घट्ट व्हायचे.

फ्रिजशिवाय कसे होते, याचे उत्तर मोठे रंजक आहे. जिलेटिनची जेली पस्तीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ती जिभेवर विरघळते आणि म्हणूनच आपल्या मे महिन्यात टेबलावर उभी राहत नाही. अगर पस्तीस ते चाळीस अंशांदरम्यान घट्ट होते, पण एकदा झाले की पंच्याऐंशी अंशांपर्यंत हलत नाही.

याच गुणामुळे ते थेट प्रयोगशाळेत पोहोचले. १८८१ च्या सुमारास जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करीत होते. जंतू वाढवण्यासाठी ते जिलेटिन वापरत, पण उबेच्या पेटीत ते वितळून जायचे आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी घरी जेली करताना अगर वापरत असे. जावामध्ये राहून आलेल्या एका शेजारणीकडून ती हे शिकली होती. तिने नवऱ्याला अगर वापरून पाहायला सांगितले. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत जंतूंच्या बशीत जे असते, ते मुळात एका गृहिणीच्या जेलीतून आले आहे. ज्याला कोणाला हा पदार्थ क्षुद्र वाटतो, त्याने पुढच्या वेळी घशाच्या स्रावाची तपासणी करवताना हे आठवावे.

बंदरकिनारा

फॅनीबाईंना साष्टांग नमस्कार. परंतु त्यांचे अगर पुडीतले रासबेरी नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

शब्दवेडा

मूळ प्रश्नाकडे येतो : आपण जेलीला पदार्थ का मानत नाही? मला वाटते, दोष आपल्या विशेषणांचा आहे. या पोताला मराठीत कोणते शब्द आहेत पाहा. लिबलिबीत, बुळबुळीत, गिळगिळीत, थुलथुलीत. एकही शब्द कौतुकाचा नाही, आणि शेवटचा तर माणसाच्या पोटाला लावतात. कुरकुरीतला, खुसखुशीतला, लुसलुशीतला, रवाळला आपण मान देतो. पण जे हलते, थरथरते आणि तरीही आकार सोडत नाही, त्यासाठी आपल्याकडे प्रेमाचा शब्दच नाही. ज्या भाषेत नाव घेतानाच नाक मुरडावे लागते, तिथे पदार्थाला पाट कोण मांडणार?

तिखटमीठ

शब्दवेडा यांचे निरीक्षण मार्मिक आहे, पण शब्द नसले, म्हणजे प्रेम नसते असे नाही. ताडगोळा काय आहे? सोलून तोंडात टाकला, की आतले पाणी फुटते आणि बाहेरचा पारदर्शक गर जिभेवर घसरतो. कुरडया करण्याच्या दिवशी गव्हाचा गरम चीक तूप-साखर घालून खाण्यासाठी आम्ही भावंडे पातेल्याभोवती बसायचो. आणि खरवस? सुरी फिरवल्यावर वडी जी किंचित डुलते, ती पाहूनच आमच्याकडे चीक नीट होता की पाणी घातलेला, हे ठरते. आपल्याला हा पोत आवडतो. फक्त त्याचा रंग हिरवा असला आणि त्यात गाजर असले, की आपण परके होतो.

प्रयोगवही

तिखटमीठ, उदाहरणे उत्तम आहेत, फक्त तिन्हींची घडण निराळी आहे. गव्हाचा चीक हा पिष्टाचा गोळा असतो. खरवस उष्णतेने साकळलेल्या प्रथिनांचा असतो, तो पुन्हा तापवला तरी वितळत नाही. जिलेटिन मात्र गोठते, वितळते आणि पुन्हा गोठते. तोंडात विरघळण्याचे जे सुख तिथे मिळते, ते अगरलाही जमत नाही. अगर दाताखाली कडेने तुटते.

मेक्सिकोतून

मी कामानिमित्त मेक्सिको सिटीत राहतो. इथे येऊन पाहा, म्हणजे जेलीला पाट मांडणे कशाला म्हणतात ते कळेल. रस्त्याच्या कडेला काचेच्या पेटीत पारदर्शक पेल्यांतून लाल, हिरव्या, दुधाळ जेल्या विकायला असतात आणि वाढदिवसाला केकच्या बरोबरीने जेलीचा मान असतो. दुधाच्या पांढऱ्या जेलीत रंगीत चौकोन बसवलेली ‘मोसाइको’ मुलांची विशेष लाडकी. बंदरकिनारा यांनी हाताचे कौशल्य विचारले होते. इथे काही बायका नितळ जेलीच्या घुमटात सुईने रंगीत दूध टोचून आतल्या आत फूल उभे करतात. काम उलट्या बाजूने चालते, त्यामुळे पालथी घालेपर्यंत फूल कसे उमलले आहे ते पुरते दिसत नाही. एकदा मी ते पाहत उभा राहिलो. पाकळी टोचताना ती बाई श्वास रोखून धरत होती. चूक झाली, तर पुसता येत नाही.

बंदरकिनारा

हे मात्र कौशल्य आहे. हात जोडले.

जुना_पेठकर

पुण्याचा विषय निघाल्यावर वीकफिल्डचे नाव न घेणे बरे दिसत नाही. १९५६ साली पुण्यातच सुरू झालेली ही कंपनी, आणि आमच्या घरात कस्टर्ड म्हणजे वीकफिल्ड असेच समीकरण होते. आता आपल्याकडे मिळणाऱ्या जेलीच्या बऱ्याच पुड्यांवर हिरवा ठिपका असतो. त्यांत शैवालापासून केलेले कॅराजीनन किंवा अगर असते. सासूबाई येताना दोन पुड्या घेऊन आल्या, तर प्रश्नच मिटेल.

मृदुगंधा

सर्वांचे आभार. सासूबाई आल्या आहेत आणि सहभोजनही पार पडले, म्हणून वृत्तान्त देते.

आधी एक गंमत. ‘जिलेटिन’ हा शब्द उच्चारताच त्या दचकल्या. त्यांच्या लेखी जिलेटिन म्हणजे वर्तमानपत्रातल्या ‘जिलेटिनच्या कांड्या’. स्फोटके पकडल्याच्या बातमीपलीकडे हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ‘आणि हे लोक ते अंत्यविधीला खातात?’ हा त्यांचा प्रश्न माझ्या नवऱ्याला अजून पुरतो आहे.

मी चायना ग्रास वापरले. दहा ग्रॅम धागे अर्धा तास भिजवून पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळले. आच बंद केल्यावर साखर घातलेला कोमट अननसाचा रस त्यात मिसळला, कारण आंबट रसाबरोबर अगर उकळत ठेवले, तर त्याची पकड सैल होते. एकूण मिश्रण साधारण एक लिटर झाले. ताज्या अननसाचे तुकडे कच्चेच घातले आणि प्रयोगवही यांच्या तर्काप्रमाणे काहीही बिघडले नाही, कारण अगर हे प्रथिन नाही आणि विकराला कापायला तिथे धागाच नाही.

साच्यासाठी शेजारणीकडे गेले, तेव्हा तिने आईचा तो पोचा पडलेला साचा पुढे केला. मी नको म्हणत होते, पण तिने तो माझ्या पिशवीत घातला. सहभोजनात माझे पिवळे कडे तिच्या हिरव्या कड्याशेजारी ठेवले गेले. तिची जेली उन्हात पंधरा मिनिटांत कडेने ओलसर दिसू लागली, माझी तासभर तशीच उभी होती. पण खरे सांगायचे, तर मुले तिच्याच थाळीकडे वळली. ती तोंडात विरघळते आणि माझी चावावी लागते. एका गृहस्थांनी मला सांगितले, की १९९९ साली आयोवातले दे मॉइन शहर जेल-ओच्या खपात सॉल्ट लेक सिटीच्या पुढे गेले, तेव्हा इथे सह्यांची मोहीम झाली आणि २००१ साली राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून जेल-ओला आवडता खाऊ म्हणून मान्यता दिली. हे सांगताना ते अजिबात हसत नव्हते.

सासूबाईंनी माझी जेली खाल्ली, थोडा वेळ विचार केला आणि ‘खरवसासारखी लागत नाही, पण वाईट नाही’ असा निकाल दिला. आता त्यांच्या मनात नारळाचे दूध आणि गूळ घालून करायचे आहे. कोणी केली आहे का?

प्रयोगवही

करून पाहावी, पण एक ध्यानात ठेवा. नारळाचे दूध गरम मिश्रणात घालून तसेच ठेवले, तर स्निग्धांश वर येतो आणि खाली गुळाचा तांबूस, वर पांढरा असे दोन थर होतात. एकजीव हवे असेल, तर घट्ट व्हायला लागेपर्यंत ढवळत राहा.

तिखटमीठ

दोन थरच ठेवा. वरून जायफळ.

कुरडई

आई विचारते आहे, की एक लिटरला गाजर किती किसून घ्यावे. मी फक्त निरोप पोहोचवतो आहे.